गोपिकाबाईचा झिरा

गोपिकाबाईच्या दुधात पाणी असतं, हे आमच्या ले-आउटमधल्या झाडून साऱ्या घरांना माहीत होतं. आणि थेंबभरही नसतं, हे गोपिकाबाई रोज सकाळी दारोदार सांगत असे. दोन्ही पक्ष आपापल्या म्हणण्यावर वर्षानुवर्षं ठाम होते आणि दूध मात्र दोन्ही वेळा न चुकता येत होतं.

सदुसष्ट साली धंतोलीतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही सक्करदऱ्याच्याही पुढं घर बांधलं, तेव्हा माझ्या माहेरच्यांनी ‘जंगलात चाललीस’ म्हणून तोंड वाकडं केलं होतं. रिक्षावाला सक्करदऱ्याच्या तलावापाशी पाय टेकायचा आणि ‘इसके आगे नहीं जाता बाई’ म्हणून सामान खाली ठेवायचा. पुढचं चालत. नव्यानं प्लॉट पाडलेल्या ले-आउटमधली मोजकी घरं, मधे तुरीची वावरं, आणि वावरांच्या पलीकडे मोहतलाव.

हा तलाव शहरात कुणाला सांगून कळत नसे. लहानसाच. कुण्या जुन्या मालगुजारानं धानासाठी बांधलेला. एका अंगाला मातीची लांब पाळ, तिच्यावर मोह, कडुनिंब आणि बोरींची गर्दी, टोकाला जास्तीचं पाणी वाहून जायला दगडी सांडवा. मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारजमा झाला म्हणे. सरकारात तो नेमका कोणाचा, हे विचारायला आमच्या यांनी एकदा दोन-तीन कचेऱ्यांत चकरा मारल्या. ‘आमचा नाही’ एवढंच प्रत्येक ठिकाणी खात्रीनं कळलं. तरी पाळ उभी होती. इतकी वर्षं उभी आहे म्हणजे पुढंही राहील, असं आम्ही सारेच धरून चाललो होतो. पाळीच्या खाली, पाण्याच्या पातळीहून कितीतरी खोल, कुणब्यांची सात-आठ घरं होती. त्यांतलं पाळीला सगळ्यांत लागून असलेलं घर गोपिकाबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, रामाजीचं. बाजूला म्हशींचा कोठा.

गोपिकाबाई उंच, रुंद खांद्यांची. काष्टा घातलेलं लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी चरवी, आणि हात कधीच चरवीला धरलेला नसे. लांबून यायची तेव्हा आधी चरवी दिसायची, मग ती. बोलणं मात्र चरवीच्याही आधी पोचायचं. लेकी उमरेडकडे दिलेल्या, मुलगा नव्हता, रामाजी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा. तेव्हा घरात साठलेलं सगळं बोलणं ती आमच्या ओट्यांवर येऊन वाटून टाकायची.

आमच्या समोर यमुताई राहत. त्यांचे यजमान मनोहरराव शाळेतून निवृत्त झालेले, हिशेबी गृहस्थ. त्यांनी एकदा दूध तपासायचं काचेचं यंत्र आणलं आणि गोपिकाबाईसमोरच दुधानं भरलेल्या गंजात सोडलं. ती कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

“गुर्जी, काहून गा त्याले काच लावून राह्यले? दुधाले ताप आला काय?”

“यात पाणी आहे, गोपिकाबाई.” मनोहररावांनी आकडा दाखवला.

“असन. म्हैस पाणी पेते. मी काय तिले नाई म्हणू?”

यमुताई आतून म्हणाल्या, “म्हैस पिते ते वेगळं आणि तुम्ही पाजता ते वेगळं.”

“यमुताई, नागोबाची आण घेऊन सांगून राह्यली. माह्या चरवीत थेंब नाई.”

नागोबाची आण म्हटल्यावर पुढं बोलणं खुंटायचं. कारण नागोबा तिचाच होता. पाळीच्या पाण्याकडच्या उतारावर, माथ्याच्या जरा खाली, कमरेइतकं उंच एक वारूळ होतं. नागपंचमीला आजूबाजूच्या साऱ्या बायका तिथं दूध-लाह्या घेऊन जायच्या आणि पूजेला पहिला हात गोपिकाबाईचा. तिच्या सासूनं तो मान तिला दिला होता. वारुळाला कुणी काठी टोचली तर ती शिव्यांनी त्याचं घराणं उजळायची.

त्याच वारुळाच्या बरोबर खाली, पाळीच्या दुसऱ्या अंगाला, अगदी पायथ्याशी, तिचा झिरा होता. हातभर खड्डा, कडेनं दगड लावलेले, आणि त्यात बारा महिने आपोआप झिरपणारं पाणी. भर मे महिन्यात आमच्या विहिरींची बादली तळाला खरडायची तेव्हाही त्या झिऱ्याभोवती एका खोलीएवढा तुकडा हिरवागार असायचा. तिथलं गवत कापून तिच्या म्हशी उन्हाळा काढायच्या. आणि धोपा, म्हणजे अळू, असा माजायचा की पानाखाली मांजर झोपावं. पातोड्यांसाठी आम्ही सगळ्या तिथूनच पानं आणायचो. पाणी आरशासारखं. “वरून नागोबा देते,” ती म्हणायची. आम्हीही मान डोलवायचो. वरच्या वारुळाचा आणि खालच्या ओलीचा काही संबंध असेल हे तिनं आमच्याआधी ओळखलं होतं, फक्त त्याचा अर्थ तिनं देवाच्या बाजूनं लावला होता.

दुसरा अर्थ लावणारा माणूस आमच्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. विश्वनाथ खानझोडे, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. मोहतलाव त्याच्याकडे नव्हता. त्याचं काम कुठल्यातरी मोठ्या कालव्यावर. पण रविवारी लोक सिनेमाला जातात तसा हा पाळीवर जायचा. छत्रीच्या टोकानं इथं टोच, तिथं टोच. एकदा चहा पिताना मला म्हणाला, “वहिनी, तो हिरवा तुकडा मला आवडत नाही.”

“हिरवळ न आवडणारा तुम्ही पहिलाच माणूस.”

“पाणी पाळीच्या पोटातून चाललंय म्हणून ते हिरवं आहे. वारुळाची बिळं, बोरींची कुजलेली मुळं, त्यातनं वाट झालेली असणार. स्वच्छ येतंय तोवर चालेल. जुन्या पाळी थोड्या पाझरतातच. पण ज्या दिवशी गढूळ येईल, त्या दिवशी पाण्याबरोबर आतली माती यायला लागली असं समजायचं. मग वेळ फार नसतो.”

त्यानं गोपिकाबाईलाही सांगून पाहिलं होतं. उन्हाळ्यात तलाव उतरला की वारूळ काढून तिथं चिकणमाती ठोकून भरू, बोरी तोडू. ती शांतपणे म्हणाली, “तुमच्या हापिसातून नागोबाची बदली होत असन त आर्डर काढा गा साहेब. मी अडवत नाई.” खानझोडे ओशाळून हसला. तेव्हापासून रस्त्यात दिसला की ती विचारायची, “काय गा साहेब, आली काय आर्डर?”

बहात्तरच्या दुष्काळात मोहतलाव आटला. तळ तडकला, पाळीलाही भेगा पडल्या. त्यात म्हशीचं शिंग जाईल इतक्या. माणसाला पाण्याची किंमत कळली की तो कधीकधी भलतंच करून बसतो. त्र्याहत्तरच्या मृगाआधी खालच्या वस्तीनं आणि आमच्या ले-आउटनं मिळून ठरवलं की यंदा एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, आणि सांडव्यावर दगडमातीचा आणखी एक थर चढवला. पाणी जास्त साठेल, विहिरींना झरे राहतील. आमचे हे सुद्धा त्या रविवारी दगड उचलून आले आणि संध्याकाळभर मला हाताचा तळवा दाखवत होते. खानझोडे एकटा म्हणत होता, “सांडवा उंच केला की पाळीवर भार वाढतो हो, पाणी माथ्याला लागेल.” मनोहरराव म्हणाले, “आधी लागू तर द्या.”

लागलं. त्या वर्षी आषाढापासूनच पावसानं मागची बाकी फेडली. श्रावण लागला तेव्हा तलाव असा भरला होता की पाळीवर उभं राहिलं तर एका बाजूला पायाशी पाणी आणि दुसऱ्या बाजूला, खाली खोल, गोपिकाबाईच्या घराची कवलं.

नागपंचमीच्या दिवशी आमच्याकडे तवा चढत नाही, विळी हातात धरत नाहीत, आणि शेतकऱ्यांच्या घरी कुणी जमिनीला कुदळ लावत नाही. दूध मात्र प्रत्येक घरी जास्त लागतं. पूजेला, खिरीला. गोपिकाबाई त्या दिवशी अंधारातच निघाली होती. दुप्पट दूध घालून, माझ्याशी एरवीच्या एकदशांशही न बोलता, पूजेच्या घाईनं निघून गेली.

मी दूध तापवलं, निवायला ठेवलं, आणि खिरीसाठी दुसऱ्या पातेल्यात ओतून घेताना गंजाच्या बुडाशी काहीतरी दिसलं. आधी वाटलं, लागलं. बोट फिरवलं. लागलेलं नव्हतं. बारीक, मऊ, तांबूस गाळ. दोन बोटांत चोळून पाहिला. शेण नाही, कोंडा नाही. माती.

माझा पहिला विचार खरं सांगायचा तर हा होता की आज सापडली. आणि दुसरा विचार लगेच त्याच्यावर येऊन बसला, तो गोपिकाबाईचा नव्हता, झिऱ्याचा होता. रोजचं तिचं पाणी झिऱ्याचंच असणार; कोठ्याच्या दारात दुसरं पाणी होतंच कुठं. आणि दुधात आजवर कधी कणसुद्धा आला नव्हता, कारण ते पाणी आरशासारखं होतं.

वाटीत तो गाळ घेऊन मी निघाले. हे मागून विचारत होते, “खिरीचं काय?” खानझोडे अंगणात दाढी करत होता. त्याला एवढंच म्हटलं, “आज कचेरीत जाऊ नका, पाळीवर या.” त्यानं वाटीकडे पाहिलं आणि अर्ध्या दाढीनिशी पायात चपला शोधायला लागला.

पाळीवर बायका जमल्या होत्या. बुडापर्यंत पाणी आलेल्या वारुळाला हळदकुंकू लागलं होतं, गोपिकाबाईच्या हातात लाह्यांचं सूप. यमुताई तबक घेऊन नुकत्याच येऊन पोचल्या होत्या. सगळ्यांसमोर विचारलं तर ही शपथ घेईल, आणि एकदा नागोबासमोर शपथ घेतली की मग तिला मागं फिरता येणार नाही, हे मला कळत होतं. मी तिला मोहाच्या झाडामागं बोलावलं.

“काय वं बाई, पूजेत कामं काढून राह्यली?”

“गोपिकाबाई, दुधात पाणी घातलं की नाही ते मी विचारत नाही,” मी म्हटलं. “आज ते कुठलं होतं, एवढंच सांगा.” आणि वाटी पुढं केली.

ती वाटीकडे बघत राहिली. मग बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची ती नेहमीची तयारीची भांडखोर रेघ हळूहळू गेली. सूप बाजूच्या बाईच्या हातात दिलं आणि पाळीचा उतार उतरायला लागली. मी मागोमाग. काहीतरी झालंय हे ओळखून बाकीच्याही.

धोप्याची पानं बाजूला सारली तर झिऱ्याचं पाणी चहासारखं झालं होतं. दगडांच्या जरा वर, पाळीच्या अंगातून नवंच एक तोंड फुटलं होतं. बोटाएवढी धार, मधूनच उसळी घेणारी, आणि तोंडाभोवती बारीक मातीची गोल रास जमलेली. हुबेहूब लहानसं वारूळ. त्या राशीवर कुणीतरी सकाळीच हळदकुंकू वाहिलं होतं, चार लाह्याही ठेवल्या होत्या. पंचमीच्या दिवशी नागोबा खाली उतरला, असं त्या बाईला वाटलं असेल तर तिचंही काही चुकलं नव्हतं. दिसत तसंच होतं. आमच्या मागून आलेल्या दोघी हात जोडायला वाकल्यासुद्धा.

“हात नका जोडू,” गोपिकाबाई म्हणाली. “माती वाहून राह्यली थे.”

एव्हाना रामाजी आणि खालच्या घरांतली माणसं आली. रामाजीनं एक क्षण पाहिलं आणि चिखलाचा मोठा गोळा उचलून त्या तोंडावर दाबायला निघाला. तेवढ्यात खानझोडे उतारावरून घसरतच आला. एका गालावर साबण वाळलेला. त्याला पाहून कुणी हसलं नाही.

“दाबू नका, दाबू नका. तोंड बंद केलं तर पाणी आत कोंडेल आणि दुसरीकडून मोठं फुटेल.” तो खाली बसला, धारेखाली तळहात धरला, माती किती येते ते पाहिलं. मग उठला आणि सगळ्यांकडे वळला. “नीट ऐका. हे गढूळ कधीपासून येतंय? दोन-तीन दिवस येत असेल तर आत मोठी पोकळी झालेली असणार. मग मी कुणालाही पाळीजवळ थांबू देणार नाही. पोरंबाळं, जनावरं घ्यायची आणि निघायचं. घरांचं जे व्हायचं ते होईल. पण आजच सुरू झालं असेल तर पाळ वाचवता येईल. कुणी पाहिलंय का?”

धोप्यात रोज वाकून कोण बघतो. प्रत्येकजण आपापल्या कवलांकडे बघत होता. रामाजीची नजर कोठ्यावर गेली, तिथं म्हशी निवांत रवंथ करत होत्या.

“काल संध्याकाळी निवळ होतं,” गोपिकाबाई म्हणाली. “आज पहाटे घेतलं तवा अंधार होता. म्हणजे रातच्याला सुरू झालं असन. त्याच्या आधी नाई.”

“नक्की? तुम्हाला कसं माहीत?” खानझोडेनं विचारलं. “अंदाजानं सांगू नका, बाई. यावर घरं आहेत.”

मी यमुताईंकडे पाहिलं नाही. गोपिकाबाईनंही पाहिलं नाही. तिनं पदर खोचला.

“रोज दोन येळा दुधात टाकतो ना गा साहेब. मले नाई माहीत त कोणाले माहीत.”

खानझोडे म्हणाला, “बरं झालं टाकता,” आणि लगेच कामाला लागला.

दोन कामं होती. एक, त्या तोंडावर रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर दगड असे थर द्यायचे, म्हणजे पाणी बाहेर येत राहील पण माती आतच अडेल. दुसरं, तलावाचं पाणी उतरवायचं, म्हणजे सांडव्यावर आम्हीच हौसेनं चढवलेला थर काढून टाकायचा.

रेती-गिट्टी होती ती मनोहररावांच्या फाटकापुढं. त्यांचं वरच्या खोलीचं काम चाललं होतं. यमुताई तिथंच तबक घेऊन उभ्या होत्या. गोपिकाबाई त्यांच्याकडे वळली.

“आता बघत काय उभ्या राहता,” यमुताई म्हणाल्या. “घमेली कुणाकडे आहेत?”

त्यांनी तबक माझ्या हातात दिलं आणि फाटकाकडे चालू लागल्या. पुढं दुपारपर्यंत मी पाहिलं ते असं, की रेशमी काठाचं पातळ नेसलेल्या यमुताई रेतीची घमेली भरून देत आहेत आणि मनोहरराव ‘अगं, प्लास्टरची रेती आहे ती, चाळलेली’ असं म्हणत म्हणत स्वतःच फावडं मारत आहेत.

सांडव्यावर मात्र काम अडलं. खालच्या वस्तीतली आठ-दहा गडीमाणसं तिथं टिकास, सब्बल घेऊन गेली खरी, पण उभीच राहिली. पंचमीच्या दिवशी जमिनीला लोखंड लावायचं कसं. खानझोडे समजावून थकला. त्यांच्यातला धोंडबा नावाचा म्हातारा म्हणाला, “साहेब, तुमी शिकलेले. आमाले पाप लागन त तुमी थोडीच येता घ्याले.”

मी धावत जाऊन गोपिकाबाईला घेऊन आले. वारुळाच्या पूजेचा मान तिचा. तिचा शब्द ते ऐकतील तर ऐकतील. ती आली, सांडव्यावरच्या त्या थराकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

“धोंडबा, हे माती कोणं टाकली गा?”

“आपनच टाकली.”

“कवा?”

“मृगाच्या आंधी.”

“मंग थे जमीन कशी होईन? आपली टाकलेली आपण उचलून राह्यलो. यात नागोबाचं घर कुठून आलं? टिकास ठेव तिकडे. हातानं उचल.”

आणि तिनं स्वतः पाण्यात उतरून पहिला दगड काढला. लोखंड कुणीच लावलं नाही. दगड हातानं, माती ओंजळीनं आणि टोपल्यांनी. एका टोकाकडून उघडत गेले तसं पाणी सांडव्यावरून आधी पानासारखं, मग लुगड्याच्या घडीसारखं आणि मग आवाज करत नाल्यात पडायला लागलं. आमचे हे कचेरीचा शर्ट काढून त्यात होते. तळव्याबद्दल त्या दिवशी काही बोलले नाहीत.

इकडे रामाजीनं खालची घरं रिकामी करवली. म्हातारी माणसं, पोरं, गाठोडी, कोंबड्या, सारं आमच्या ओट्यांवर आलं. गोपिकाबाईच्या म्हशी माझ्या कंपाउंडात बांधल्या. त्यांनी तासाभरात माझी मेंदीची कुंपणं बोडली आणि जास्वंदीची चव घेऊन सोडून दिली.

धोप्याच्या बेटावर रेती पडली तेव्हा मी तिथं होते. हिरवी मोठमोठी पानं एकेका घमेल्यागणिक खाली जात होती. गोपिकाबाई स्वतः रेती पसरत होती. मधेच एक पान वर राहिलं, ते तिनं हातानं वाकवून आत दाबलं.

मग वाट पाहणं. दगडांच्या थराखालून पाणी येतच होतं, तांबडंच. खानझोडे पाण्याचा पेला भरायचा, उन्हाकडे धरायचा, ओतून द्यायचा. ज्यांची घरं खाली होती ती माणसं पाळीपासून लांब, पण घर दिसेल अशा बेतानं बसली होती. मी घरून चहाचं पातेलं आणलं. गोपिकाबाईनं कप हातात घेतला आणि तो तसाच निवला. मला हळूच म्हणाली, “माह्या सासूनं मले दोन गोष्टी देल्या. पाळीवरची पूजा आन् पाळीखालचा झिरा. मले वाटे, एक देवाचं, एक त्याचा परसाद.”

मी म्हटलं, “तुमच्या सासूबाईंच्या वेळी पाणी स्वच्छच होतं.”

“थे होय म्हणा.” आणि तिनं निवलेला चहा एका घोटात संपवला.

दुपार कलली तेव्हा तलावाची पातळी उतरलेली डोळ्यांना दिसायला लागली. काठाच्या दगडांवर ओली रेघ उघडी पडली. त्यानंतर थोड्या वेळानं खानझोडेनं पेला भरला, उन्हाकडे धरला, आणि या वेळी ओतला नाही. गोपिकाबाईला बोलावून तिच्या हातात दिला. तिनं एक डोळा मिटून पाहिलं. पेल्यापलीकडचा मोह, कोठ्याची कवलं, सगळं आरपार दिसत होतं.

“माती थांबली,” खानझोडे म्हणाला. “पाळ धरून राहील आता.”

गोपिकाबाई पेला हातात धरूनच खाली बसली. रामाजी तिच्या शेजारी बसला, आणि त्याच्या वाट्याचं चौथं वाक्य त्यानं तिथं खर्च केलं. “बरं झालं तू बोलली,” म्हणाला.

संध्याकाळी म्हशी माझ्या अंगणातच पिळाव्या लागल्या. ले-आउटमधली सगळी घरं आपापली भांडी घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली. धार थेट चरवीत पडत होती, चरवीतून थेट गंजात. जाड, पिवळसर फेसाचं दूध. यमुताईंनी आपलं भांडं घेतलं, आत डोकावून पाहिलं, आणि “उद्या सकाळी अर्धा शेर जास्त घाला” एवढंच बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी खिडकीतून मला विचारलं, “काय हो, कालचं दूध तुम्हालाही जरा जड गेलं का?”

खालची माणसं दोन-तीन दिवसांनी, खानझोडेनं होकार दिल्यावर परत गेली. पावसाळाभर सांडवा मूळच्या उंचीवरच ठेवला. खानझोडेच्या साहेबानंही एकदा येऊन पाहिलं. तलाव कोणाचा हे तरीही ठरलं नाही, पण दुरुस्ती तेवढी मंजूर झाली. पुढच्या उन्हाळ्यात तलाव उतरल्यावर गोपिकाबाईनं वारुळापुढं नारळ फोडला, हात जोडून बराच वेळ पुटपुटत होती, आणि मग बाजूला झाली. वारूळ खणलं तेव्हा आत एक पोकळ वाट निघाली, तिच्यात रामाजीचा हात खांद्यापर्यंत गेला. चिकणमाती थराथरानं ठोकून ती भरली. बोरी मुळासकट काढल्या. बायकांची पूजा पाळीखालच्या कडुनिंबाला लागून असलेल्या, मातीनं सारवलेल्या भिंतीवर सुरू झाली. नाग गोपिकाबाईच काढायची, आणि तो दरवर्षी थोडा सुरणासारखा दिसायचा.

पंचाहत्तर साली पाऊस चांगला झाला, तलाव काठोकाठ भरला, सांडव्यावरून वाहिला. भर श्रावणात चार दिवस उघडीप होती तेव्हा गोपिकाबाई चरवी उतरवून माझ्या ओट्यावर टेकली.

“पायथ्याले हात लावून आली. ठण्ण कोरडं हाय.”

“मग बरंच झालं की.”

“बरं काय वं बाई. उन्हाळभर ना गवत, ना धोपा. कडबा विकत घ्या लागते म्हशीयले.” तिनं पदरानं मान पुसली, पाळीकडे एकदा पाहिलं. “पण रातच्याला पाऊस लागला ना, त आता पाळीचा आवाज ऐकत बसत नाई मी. कूस बदलतो आन् झोपतो.”